अहवालात एक रकाना वाढवा

पाणी तपासून घेणाऱ्या, सांडपाण्याच्या वाहिन्या सांभाळणाऱ्या आणि या दोन्ही कामांचा निधी मंजूर करणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी पाणी तपासते. नमुना आला की तो गाळायचा, गाळणपडदा पोषक माध्यमावर ठेवायचा, रात्रभर उबवायचा आणि दुसऱ्या दिवशी उगवलेल्या वसाहती मोजून आकडा लिहायचा. दर १०० मिलिलीटरमागे इतके ई. कोलाय, इतके एन्टरोकोकाय; दोन्ही आतड्यात राहणारे जिवाणू. आकडा मर्यादेत असेल तर पुढचा नमुना हाती घ्यायचा. नसेल तर 'शेरा' या रकान्यात दोन शब्द: स्रोत अज्ञात. हे दोन शब्द मी इतक्या वेळा लिहिले आहेत की त्यांचा शिक्का करून घ्यायला हवा होता.

मी हे काम शिकले तेव्हा तो शेरा खरा होता. आता तो खरा नाही. पाण्यातली घाण माणसाची की गाईची, कुत्र्याची की पाणपक्ष्याची, हे सांगणारी चाचणी वीस वर्षांहून जास्त काळ उपलब्ध आहे. तिची प्रमाणित पद्धत छापून आली आहे. तिला लागणारं यंत्र कोविडच्या साथीनंतर असंख्य प्रयोगशाळांत येऊन बसलं आहे, आणि कित्येक ठिकाणी त्यावर धूळ साचते आहे. तरीही तुमचे फॉर्म अजून 'किती' एवढंच विचारतात. त्याच्या शेजारी 'कुणाची' असा एक रकाना वाढवा, एवढीच या पत्रातली मागणी आहे.

'किती' हा प्रश्न आला कुठून, ते आधी सांगते. १८८५ मध्ये थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या बाळांच्या विष्ठेतून एक जिवाणू वेगळा केला. पुढे त्या जिवाणूला त्यांचंच नाव मिळालं. विष्ठेत हमखास सापडणारा आणि प्रयोगशाळेत सहज वाढणारा, म्हणून पाण्यात विष्ठा मिसळली आहे का हे ओळखण्याच्या कामी तो लागला. पिण्याच्या पाण्यासाठी ही व्यवस्था चोख आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की १०० मिलिलीटरमध्ये एकही ई. कोलाय सापडता कामा नये. सापडला तर आधी लोकांना सावध करायचं. तो कुणाचा ही चौकशी नंतर.

नद्या, तलाव, खाड्या आणि समुद्रकिनारे मात्र असे काटेकोर नसतात. तिथे शून्य कधी मिळतच नाही, म्हणून मर्यादा ठरवावी लागते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१२ मध्ये पोहण्याच्या पाण्यासाठी जे निकष सुचवले, त्यांत ई. कोलायचा भूमितीय मध्य (एक प्रकारची सरासरी) १२६ आणि एन्टरोकोकायचा ३५ आहे, दर १०० मिलिलीटरमागे. या आकड्यांना ज्या अभ्यासांचा आधार आहे ते मुख्यतः मैलापाण्याचा प्रभाव असलेल्या किनाऱ्यांवर झाले. म्हणजे घाण माणसाची आहे हे तिथे जवळपास गृहीतच होतं. आपण तो आकडा उचलला आणि जिथे हे गृहीत धरता येत नाही तिथेही लावला.

ई. कोलाय उष्ण रक्ताच्या जवळजवळ प्रत्येक प्राण्याच्या आतड्यात राहतो, हे पाठ्यपुस्तकातच असतं. त्याला आतड्याबाहेरही संसार थाटता येतो, हे पाठ्यपुस्तकात उशिरा आलं. हवाई बेटांवर रॉजर फुजिओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की तिथल्या उबदार, ओलसर मातीत ई. कोलाय आणि एन्टरोकोकाय नुसते तग धरत नाहीत, वाढतातही. पाऊस आला की ते मातीबरोबर ओढ्यात उतरतात आणि ज्या ओढ्याला मैलापाण्याचा थेंबही लागलेला नाही तो कागदावर नापास होतो. उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांच्या काठी साचणाऱ्या क्लॅडोफोरा शेवाळातही त्यांचा असाच मुक्काम सापडला आहे. ज्यांच्याकडे उन्हाळा कडक आणि पाऊस मोठा, त्यांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा.

आता माझ्या अनुभवातली एक गोष्ट. पाण्याच्या एका काठावर आकडे सतत वर जात होते. कार्यालयाचं नाव घेत नाही; नाव बदललं तरी गोष्ट तीच राहील. काठावर पक्षी खूप होते, त्यामुळे संशय पक्ष्यांवर गेला. जाळ्या लागल्या, पाट्या लागल्या, पक्ष्यांना हुसकवायला माणूस नेमला. पक्षी कमी झाले, आकडा जागचा हलला नाही. मग कुत्रे फिरवणाऱ्यांना दंड सुरू झाला. त्यातही एक हंगाम गेला. अखेर कुणीतरी कोरड्या दिवसात पावसाळी गटाराच्या तोंडाशी उभं राहून एक साधा प्रश्न विचारला: पाऊस महिनाभर पडलेला नाही, मग या नळातून पाणी कुठलं येतंय? तो नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत गेला आणि माणसाच्या विष्ठेची जनुकीय खूण भरभरून सापडली. वर थोड्या अंतरावर मैलावाहिनीचा सांधा निखळला होता आणि मैलापाणी आपसूक शेजारच्या पावसाळी नळात पाझरत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. इथे संन्यासी पांढऱ्या पंखांचा होता, त्यामुळे त्याने तक्रार केली नाही.

असा प्रश्न आधी कुणालाच सुचला नव्हता असं नाही. १९६० च्या दशकात एक सोपी युक्ती निघाली होती: विष्ठेतले कोलिफॉर्म आणि स्ट्रेप्टोकोकाय यांचं गुणोत्तर काढायचं. ४ च्या वर गेलं तर माणूस, ०.७ च्या खाली आलं तर जनावर. आमच्या पिढीने ते घोकून पाठ केलं. पण हे दोन्ही प्रकारचे जिवाणू पाण्यात एकाच वेगाने मरत नाहीत. त्यामुळे सकाळी 'माणूस' दाखवणारं गुणोत्तर काही दिवसांनी, घाण तीच असली तरी, 'जनावर' दाखवू लागतं. पद्धत मोडीत निघाली. त्यानंतर ई. कोलायच्याच ठशांचे संग्रह बनवायचे प्रयत्न झाले. गाईंचे जिवाणू गोळा करा, माणसांचे करा, कोणतं प्रतिजैविक त्यांच्यावर चालत नाही ते पाहा, आणि पाण्यातल्या जिवाणूची त्यांच्याशी तुलना करा. कष्ट प्रचंड, आणि एका खोऱ्यातला संग्रह दुसऱ्या खोऱ्यात कामाला येईना. अडचण मुळात होती. ज्याच्या त्याच्या घरी राहणाऱ्या जिवाणूकडे आपण त्याच्या घरमालकाचं नाव विचारत होतो, आणि ई. कोलाय तर धर्मशाळेतला मुक्कामी.

मार्ग सापडला तो जिवाणूच बदलल्यावर. ऑरेगन राज्य विद्यापीठात ॲन बर्नहार्ड आणि कॅथरिन फील्ड यांनी बॅक्टेरॉइड्स या गटाकडे पाहिलं. आतड्यात ई. कोलाय खरं तर अल्पसंख्य असतो. बॅक्टेरॉइड्स आणि त्यांचे भाऊबंद त्याच्या कितीतरी पट असतात. ते इतकी वर्षं दुर्लक्षित राहिले ते एकाच कारणाने: त्यांना प्राणवायू सोसत नाही, त्यामुळे ताटलीवर वाढवणं जिकिरीचं. पण जी अडचण वाटत होती तोच त्यांचा गुण ठरला. ज्याला प्राणवायू सोसत नाही तो ओढ्यात किंवा मातीत बस्तान बसवू शकत नाही. तो पाण्यात सापडला म्हणजे कुणाच्या तरी पोटातून नुकताच बाहेर पडलेला. दुसरा गुण असा की हे जिवाणू आपापल्या यजमानाबरोबर इतका काळ राहिले आहेत की माणसाच्या आतड्यातले आणि रवंथ करणाऱ्या जनावरांच्या आतड्यातले यांच्यात जनुकीय फरक पडला आहे. १६एस आरआरएनए नावाचं जनुक प्रत्येक जिवाणूत असतं. त्यातल्या काही जागी अक्षरांचा क्रम यजमानाप्रमाणे बदलतो. या दोघींनी २००० साली ते बदललेले तुकडे हेरले आणि फक्त त्यांनाच चिकटतील असे डीएनएचे छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, बनवले. माणसासाठीच्या प्रायमरचं नाव एचएफ१८३. रवंथ करणाऱ्यांसाठीचे सीएफ१२८ आणि सीएफ१९३.

जिवाणू वाढवायची गरजच उरली नाही. १०० मिलिलीटर पाणी गाळायचं, पडद्यावर अडकलेल्या सगळ्यातून डीएनए काढायचा आणि पीसीआर यंत्रात, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणाऱ्या यंत्रात, घालायचा. खूण असेल तर प्रायमर तिला चिकटतात आणि दर फेरीत तिच्या प्रती दुप्पट होतात. क्यूपीसीआरमध्ये, म्हणजे याच पद्धतीच्या मोजणी करणाऱ्या प्रकारात, प्रत वाढताना प्रकाशाचा इशारा मिळतो, आणि किती फेऱ्यांनंतर इशारा उमटला यावरून मूळ पाण्यात किती प्रती होत्या हे काढता येतं. नमुना सकाळी आला तर त्याच दिवशी उत्तर हातात असतं. आमच्या ताटल्यांना तोवर उबेचा घामही फुटलेला नसतो.

पुढचा प्रवास थोडक्यात. एचएफ१८३ मध्ये सुधारणा होत गेल्या, आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ती 'पद्धत १६९६' म्हणून प्रसिद्ध केली. गाय, डुक्कर, कुत्रा, कोंबडी यांच्या खुणा तयार झाल्या. कुरव पक्ष्यांसाठी जो जिवाणू उपयोगी पडतो त्याचं नाव कॅटेलिकोकस मारिमॅमॅलियम, म्हणजे नावात समुद्री सस्तन प्राणी आणि मुक्काम पक्ष्यांच्या पोटात. नामकरणाच्या वेळी तो पहिल्यांदा कुठे सापडला त्याचा हा परिणाम. २०१४ मध्ये क्रॅसफेज नावाचा विषाणू सापडला, तोही सूक्ष्मदर्शकाखाली नव्हे तर आधीच साठवलेल्या जनुकीय माहितीत, संगणकावर तुकडे जुळवताना. तो बॅक्टेरॉइड्सवरच जगतो आणि मैलापाण्यात अमाप असतो, त्यामुळे एचएफ१८३ च्या साक्षीला दुसरा साक्षीदार मिळाला.

"असं काहीतरी परदेशी कागदावर चालतं" ही शंका मी बैठकांमध्ये ऐकली आहे, तेव्हा हेही सांगते की या खुणांची परीक्षा कडक झाली आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २७ प्रयोगशाळांनी ४१ पद्धती तपासल्या. नमुन्यात कुणाची विष्ठा मिसळली आहे हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. बऱ्याच पद्धती तिथे गळाल्या. माणसाची विष्ठा ओळखण्यात एचएफ१८३ पहिल्या रांगेत राहिली.

पण माझं मत ज्याने पक्कं केलं तो अभ्यास वेगळा. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहर परिसरात सँड्रा मॅक्लेलन यांच्या गटाने पावसाळी पाण्याच्या ४५ नळमुखांपाशी चार वर्षांत ८२८ नमुने घेतले. ही पावसाळी गटारं. त्यांत मैलापाणी असायचं काही कारणच नाही. २०११ मध्ये निकाल छापून आला: ४५ पैकी एकही नळमुख असं नव्हतं जिथे एकदा तरी माणसाची खूण सापडली नाही. काही ठिकाणी दर वेळी, काही ठिकाणी क्वचित. पाऊस किती पडला, पडून किती दिवस झाले, याच्याशी त्याचा मेळ बसेना. आणि तुमच्या-माझ्या दृष्टीने खरी बातमी पुढे आहे. ई. कोलाय आणि एन्टरोकोकाय यांचे आकडे माणसाच्या खुणेशी जुळत नव्हते. समजा कुणी असं ठरवलं असतं की १०० मिलिलीटरमागे १०,००० च्या वर आकडा गेलेली ठिकाणं आधी दुरुस्त करू, तर मैलापाण्याचा पुरावा असलेल्या नमुन्यांपैकी ३५ टक्के नजरेतून सुटले असते. आणि ज्यांच्यात मैलापाणी नाहीच किंवा नगण्य आहे असे कित्येक नमुने 'तातडीचे' ठरले असते.

कृपया हे तुमच्या खर्चाच्या भाषेत वाचा. आकड्यावरून प्राधान्य ठरवलं तर पैसा चुकीच्या खड्ड्यात जातो आणि खरा खड्डा वाहत राहतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

कॅलिफोर्नियातल्या दोन ठिकाणांबद्दल सांगायलाच हवं. कॅटलिना बेटावरच्या ॲव्हलॉन उपसागराचा किनारा आकड्यांमुळे बदनाम होता. अलेक्झांड्रिया बोम आणि सहकाऱ्यांनी तिथे पायरी पायरीने घेतलेला शोध २००३ मध्ये छापून आला: आधी साध्या आकड्यांनी जागा आणि वेळ हेरली, मग जिथे संशय दाट तिथेच माणसाच्या जिवाणूंची खूण आणि आतड्यातले विषाणू तपासले. उत्तर एकच नव्हतं. पक्षी होते, रस्ते धुतलेलं पाणी होतं, गळके नळ होते, आणि वाळूखालून येणाऱ्या दूषित पाण्यात माणसाची खूणही होती. मला या अभ्यासाचा प्रामाणिकपणा आवडतो. संशयित चार असतात तेव्हा चारही खरे असू शकतात.

सांता बार्बरामध्ये गंमत आणखी पुढे गेली. कोरड्या हवेत पावसाळी गटारांत माणसाची खूण सापडत होती, पण जोड कुठेच दिसत नव्हता. संशोधकांनी मैलावाहिनीत रोडामाइन नावाचा रंग सोडला आणि पावसाळी गटारात पहारा ठेवला. काही भागांत रंग तिथे उगवला. मैलावाहिनी वरून जात होती, पावसाळी नळ खालून, मधल्या मातीतून पाझर चालू होता. दोन्ही वाहिन्या नकाशावर वेगवेगळ्या रंगांत रेखलेल्या, एकमेकींना कुठेही न टेकणाऱ्या. त्याच शहरात माणसाच्या मैल्याचा वास ओळखायला शिकवलेले कुत्रे गटारांच्या तोंडाशी नेऊन त्यांचा कौल जनुकीय खुणांशी ताडूनही पाहिला गेला. इथे कुत्र्यांना दंड करणारे आम्ही, तिथे कुत्र्यांना तपासनीस नेमणारे ते.

आता माझ्याच बाजूच्या त्रुटी. तुमच्यापैकी कुणीतरी त्या नंतर शोधून काढण्यापेक्षा मीच आधी सांगितलेल्या बऱ्या.

पीसीआरला मेलेला आणि जिवंत हा फरक कळत नाही. शुद्धीकरण केंद्रातून क्लोरीन देऊन सोडलेल्या पाण्यात जिवाणू मेलेले असतात, पण त्यांचा डीएनए शिल्लक असतो, त्यामुळे खूण सापडते. अशा नळमुखाच्या खाली नमुना घेऊन 'कच्चं मैलापाणी सापडलं' असं जाहीर केलं तर ते खोटं ठरेल. ताटलीवरचा आकडा आणि खूण दोन्ही शेजारी शेजारी पाहायला हवेत. म्हणून मी रकाना वाढवा म्हणते, जुना खोडा म्हणत नाही. दुसरं म्हणजे गाळ, कुजलेली पानं यांतून आलेलं ह्युमिक आम्ल पीसीआरलाच अडवतं आणि असलेली खूण नाही दिसते. त्यासाठी प्रत्येक नमुन्यात माहीत असलेला डीएनए घालून तो नीट वाढतो का हे पाहावं लागतं. हे न करणाऱ्या प्रयोगशाळेच्या 'नाही' वर विश्वास ठेवू नका, ती आमची असली तरी.

तिसरं: एचएफ१८३ काही ठिकाणी कोंबड्यांच्या आणि कुत्र्यांच्या काही नमुन्यांतही क्षीणपणे उमटली आहे. माणसाच्या मैलापाण्यात दर १०० मिलिलीटरमागे ती कोट्यवधी प्रतींनी असते, त्यामुळे गोंधळ सहसा फक्त कमी आकड्यांच्या वेळी होतो. पण सहसा या शब्दावर कुणाला नोटीस पाठवता येत नाही. म्हणून खूण वापरायच्या आधी आपापल्या भागातल्या माणसांच्या मैलापाण्यावर आणि आपापल्या भागातल्या जनावरांच्या विष्ठेवर ती पारखून घ्यायला हवी. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला बादली, चमचा आणि थोडं धैर्य लागतं. ते टाळलं तर पुढचं सगळं हवेत.

चौथं, आणि याबद्दल मी जास्त बोलणार आहे: खूण 'माणूस' म्हणते, 'कोणता माणूस' ते म्हणत नाही. तिला घर क्रमांक दिसत नाही. मला भीती अशी आहे की हा रकाना आला की पहिल्याच अहवालानंतर बोट काठावर राहणाऱ्यांकडे जाईल, ज्यांच्याकडे संडास नाही आणि वकीलही नाही. माणसाची खूण सापडली, काठावर माणसं राहतात, झालं. पण रोज हजारो लोकांचं मैलापाणी वाहून नेणाऱ्या नळाला पडलेली भेग आणि उघड्यावर बसणारी काही माणसं यांच्यात तुलना करायची तर ती मोजून करायला हवी. त्यासाठी साधनं आहेत. मैलावाहिनीत विष्ठेबरोबर कपडे धुतलेलं पाणीही येतं, आणि धुलाईच्या पावडरींत कपडे उजळ दिसावेत म्हणून घातलेली चमकद्रव्यं अतिनील प्रकाशात चमकतात. सुक्रालोजसारखा कृत्रिम गोडवा पोटातून आणि बहुतेक शुद्धीकरण केंद्रांतूनही जवळपास तसाच बाहेर पडतो. माणसाच्या खुणेबरोबर चमकद्रव्यंही भरपूर सापडली तर आधी वाहिनीकडे बघा, झोपडीकडे नंतर. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालू नका, कारण या वेळी तो कळसा तुमच्याच खात्याच्या मालकीचा असण्याची शक्यता दाट आहे.

खुणेच्या आकड्याचा अर्थ काय, हेही विचारलं जातं. २०१५ मध्ये बोम, सोलर आणि शँक्स यांनी गणिती प्रारूपाने काढलं की ताज्या, कच्च्या मैलापाण्याने दूषित पाण्यात एचएफ१८३ दर १०० मिलिलीटरमागे सुमारे ४,२०० प्रती असेल तर पोहणाऱ्या हजार जणांमागे सुमारे ३० जण पोटाच्या विकाराने आजारी पडण्याचा धोका असतो. यात 'ताज्या' हा शब्द महत्त्वाचा. मैलापाणी शिळं झालं की खूण विझत जाते, पण काही विषाणू त्याहून चिवट असतात. तेव्हा तेवढ्याच धोक्याला खुणेचा आकडा कितीतरी कमी असतो. त्यामुळे ४,२०० ही सुरक्षिततेची रेषा म्हणून भिंतीवर लावू नका.

आणि माणसाची खूण नाही म्हणजे पाणी निर्धोक, असा निष्कर्ष तर अजिबात काढू नका. मे २००० मध्ये कॅनडात ओंटारिओतल्या वॉकरटन या गावी जोरदार पावसानंतर शेजारच्या शेतातलं गाईगुरांचं शेण विहिरीत उतरलं. ई. कोलायचा ओ१५७:एच७ हा घातक प्रकार आणि कॅम्पिलोबॅक्टर हा दुसरा जिवाणू यांनी सात जणांचा जीव घेतला, सुमारे २,३०० आजारी पडले. माणसाच्या मैल्याचा तिथे संबंध नव्हता. 'कुणाची' हा प्रश्न दोषी ठरवण्यापुरता नाही. नळ बुजवायचा की गोठ्याचं पाणी अडवायचं, हे त्यावर ठरतं.

तुमच्याकडून नकार येतो तेव्हा कारण खर्चाचं दिलं जातं. ते अर्धं खरं आहे. सगळीकडे सगळे नमुने तपासा असं कुणी म्हणत नाही. कोरड्या दिवसात नकाशा घेऊन चालत जा आणि ज्या पावसाळी नळातून पाणी येता कामा नये तिथून ते येतंय का बघा. आहे तो आकडा वापरून संशयाच्या जागा कमी करा. उरलेल्या जागांवर, तेही एकदा नाही तर निरनिराळ्या वेळी चार-सहा वेळा, खूण तपासा. गळती लपाछपी खेळते, एका नमुन्यावर तिला सोडून देऊ नका. मग प्रत्येक संगमापाशी वरच्या अंगाला सरकत जा: डावीकडून येतंय की उजवीकडून. दोन-तीन संगमांनंतर कॅमेरा कुठे उतरवायचा हे कळतं. त्या उलट, आकडा वाढला म्हणून मैलभर वाहिनी उकरण्याला काय लागतं हे तुमच्या लेखा विभागाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

खर्चामागचं दुसरं कारण कुणी लेखी देत नाही. 'स्रोत अज्ञात' हा शेरा सगळ्यांच्या सोयीचा आहे. स्रोत अज्ञात असेपर्यंत तो पाणी विभागाचा नसतो, मलनिःसारण विभागाचा नसतो, शेतीचा नसतो, वरच्या गावाचा नसतो. एका बैठकीत मी ही चाचणी सुचवली तेव्हा मला समजावलं गेलं की उत्तर एकदा कागदावर आलं की त्यावर कारवाई करावी लागते. तिथे कुणी हसलंही नाही. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, ही म्हण ज्याने केली त्याला अशाच एखाद्या खात्याचा अनुभव असावा. ऋषींना हवं तर सोडून देऊ, पण नदीला नाही.

मंजुरीला वेळ लागेल हे मी धरून चालते. तोपर्यंत एक काम करता येईल ज्याला मंजुरी लागत नाही. आजही प्रत्येक नमुना आम्ही गाळतोच. त्याच बाटलीतून आणखी १०० मिलिलीटर दुसऱ्या पडद्यावर गाळायचं, पडदा घडी घालून निर्जंतुक नळीत टाकायचा, तारीख, वेळ आणि जागा लिहायची आणि उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवायचा. डीएनए तिथे टिकतो. एका नळीला बोटभरही जागा लागत नाही. ज्या दिवशी रकाना मंजूर होईल त्या दिवशी मागचे सगळे हंगाम तपासायला तयार असतील, जाळ्या लावल्या तेव्हाचे आणि दंड वसूल केले तेव्हाचेही.

तुमच्या प्रयोगशाळांना एवढं एक परिपत्रक पाठवा: प्रत्येक नमुन्यामागे एक पडदा जास्तीचा. आम्ही सुरुवात केली आहे. फ्रीझरचा वरून दुसरा कप्पा भरत आला आहे.

आपली विश्वासू,
पाणी तपासणारी एक कर्मचारी